सारंगी कुठे बसलीय

पस्तीस हजार. त्यापुढे रुपया नाही.
पाकिटावर तारीख घातली, खाली सही केली,
गाळ्यावर उधारीच्या पानाखाली करते तशी.
एकवीस वर्षं मसाला मार्केटात
मिरचीच्या ठसक्यात दुसऱ्यांचे आकडे जुळवले,
हा हिशेब माझा.

निम्मे स्पीकरना, तिथे घासाघीस नाही.
वाशीच्या दुकानातला मुलगा मग केबल दाखवायला लागला,
बोटभर जाड, टोकांना सोनं, मखमली पिशवी.
किंमत ऐकली आणि मला हिंग आठवला:
डबी जेवढी देखणी, आत मैदा तेवढा जास्त.
विजेच्या दुकानातून तांब्याची साधी वायर घेतली,
दहा मीटर, सहाशे.
तुर्भ्याच्या फरशीवाल्याकडे
कुणाच्या तरी ओट्यात सिंकसाठी भोक पाडताना निघालेले
ग्रॅनाइटचे दोन तुकडे पडून होते.
तीनशे. दोन्हींचे.
त्यांच्याखालचे सिमेंटचे ब्लॉक फुकट,
फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंत माझी कंबर.

अ‍ॅम्प्लिफायर ऐरोलीच्या दत्ताराम खातूंचा.
मागच्या पत्र्यावर चिकटवलेली चिठ्ठी,
कुठला कपॅसिटर कुठल्या साली बदलला, बारीक अक्षरात,
बाळाच्या लशींची नोंद असावी तशी.
"नऊ हजार. कमी होणार नाहीत.
विकायचा नव्हता हो. पण बॉयलर हाऊसनं डावा कान नेला.
एका कानाच्या माणसाला दोन चॅनेल म्हणजे
विधुराला डबल बेड."
मी हसले नाही. ते हसले.

नेरुळची सिडकोची खोली, दहा बाय बारा.
आधी स्पीकर कोपऱ्यात सारले, जागा वाचावी म्हणून.
खालचे भोपीकाका वर आले:
"ताई, तुमचा तबला आमच्या देवघरातली घंटा वाजवतो."
रोज रात्री जेवणं झाली की मी ते वीतभर पुढे ओढायचे
आणि जिन्यात जाऊन विचारायचे, घंटा?
"वाजते." "थोडी." "आता नुसती थरथरते."
पाचव्या रात्री घंटा गप्प झाली
आणि त्याच रात्री खर्जाला आकार आला.
मागच्या भिंतीवर जुनी गोधडी ठोकली.
मोजमापाचं यंत्र म्हणून
माझ्याकडे भोपीकाका, दुसरं काही नाही.

रविवारी खातू आले. अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला,
ताप बघावा तसा.
मधल्या खुर्चीत बसवलं त्यांना, जिथे सगळं जुळतं.
जुन्या बैठकीचं ध्वनिमुद्रण, यमन,
गाणाऱ्या बाईंनी तान संपल्यावर घेतलेला श्वाससुद्धा.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "सारंगी कुठे बसलीय?"
"डावीकडे. दाराजवळ. चपलांच्या स्टँडच्या थोडी वर."
"चपलांच्या?"
"हो. मांडी घालून."
त्यांनी मान तिकडे वळवली, परत सरळ केली.
मला वाटलं, विचारायला नको होतं मी त्यांना, या म्हणून.

तर हा माणूस उठला,
खुर्ची उचलली आणि उलटी ठेवली,
स्पीकरकडे पाठ, तोंड स्वयंपाकघराकडे,
आणि बसला.
डावी बाजू उजव्या कानाशी आली.
"हां," ते म्हणाले. "सापडली."

गॅसवर चहा उतू जात होता, मी बंद केला नाही.
मी त्यांच्या समोर, ओट्याला टेकून.
त्यांच्यामागे गवई, तबला, सगळे आपापल्या जागी,
आणि त्यांच्या तोंडावर, भुवईच्या जरा वर,
गज जसा फिरत होता तसं काहीतरी हलत होतं.

पाकिटात तीन हजार नऊशे उरलेत.
शेगडी पुसताना मी विचारलं, पुढल्या रविवारी?
"भैरवी असेल तर," ते म्हणाले,
"आणि खुर्चीला उशी."